अमेरिकेतल्या कॉलेज मार्चिंग बँडमध्ये मेलोफोन वाजवायचाय? अर्ज करण्यापासून वाद्य परत करेपर्यंत सगळं

पुण्या-मुंबईच्या शाळेत बँडमध्ये ट्रम्पेट वाजवला असेल, गोव्यात गावच्या फेस्ताला ब्रास बँडसोबत फिरला असाल आणि आता अमेरिकेतल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला असेल, तर वाद्य इथेच ठेवून जायचा विचार करू नका. निदान हा लेख वाचेपर्यंत तरी. तिथल्या अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर दोनशे-तीनशे मुलांचा बँड चालत चालत वाजवतो, आणि त्यात तुमच्यासारख्याला जागा असते. मी मास्टर्सला असताना मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठाच्या बँडमध्ये मेलोफोन वाजवायचे. त्या वेळी मराठीत विचारायला कोणी नव्हतं, म्हणून हे सगळं क्रमाने लिहितेय.

संगीताची पदवी घेणाऱ्यांनाच बँडमध्ये घेतात, हा पहिला गैरसमज. बहुतेक मोठ्या बँडमध्ये इंजिनिअरिंग, बायॉलॉजी, कॉमर्सची मुलंच जास्त असतात. पर्ड्यू विद्यापीठाचा बँड १८८६ पासून आहे, आणि चंद्रावर उतरलेला नील आर्मस्ट्राँग तिथे इंजिनिअरिंग शिकताना याच बँडमध्ये बॅरिटोन वाजवायचा.

१. मेलोफोनच का

मेलोफोन दिसायला जाड ट्रम्पेटसारखा असतो, पण त्याचा भोंगा खूपच मोठा. तीन पिस्टन व्हॉल्व्ह, उजव्या हाताने दाबायचे. काम मात्र फ्रेंच हॉर्नचं. फ्रेंच हॉर्नचा भोंगा मागे वळलेला असतो, त्यामुळे मैदानात उभं राहून वाजवलं तर आवाज प्रेक्षकांकडे न जाता मागे जातो. मेलोफोनचा भोंगा समोर. शिवाय एफ हॉर्नच्या (एफ पट्टीतल्या फ्रेंच हॉर्नच्या) निम्म्या लांबीची नळी असल्यामुळे एकाच बोटांवर निघणारे सूर एकमेकांपासून दूर पडतात आणि धावपळीत चुकीचा सूर लागण्याची भीती कमी होते.

ट्रम्पेटवाल्यांसाठी चांगली बातमी अशी की कागदावरच्या त्याच सुराला बोटं तीच. फरक पट्टीचा. ट्रम्पेटवर लिहिलेला सी वाजवला की पेटीवरची काळी पाच ऐकू येते, मेलोफोनवर तोच सी वाजवला की पांढरी चार, तीही खालची. फ्रेंच हॉर्नवरून येणाऱ्यांना थोडं जड जातं. त्यांचा हात बदलतो, बोटंही बदलतात. मधल्या सीच्या वरचा डी एफ हॉर्नवर पहिल्या व्हॉल्व्हने निघतो, मेलोफोनवर पहिला आणि तिसरा दाबावा लागतो.

व्यवहाराचा मुद्दाही आहे. ट्रम्पेटच्या रांगेत जागांसाठी चुरस असते, कारण तिकडच्या शाळांमधून ट्रम्पेट वाजवणारी मुलं ढिगाने येतात. मेलोफोन मुळातून शिकून आलेली मुलं कमी. म्हणून बरेच डायरेक्टर ट्रम्पेटवाल्यांना स्वतःहून विचारतात, ‘मेलो वाजवशील का?’ हो म्हणा.

पण ही सोय बाजूला ठेवली तरी मी मेलोफोनच निवडेन. मार्चच्या चालीत ट्युबाच्या ‘उम्’नंतरचा ‘पा’ हा मेलोचा असतो. सुरुवातीला हे काम दुय्यम वाटतं. मग एखाद्या दिवशी तालमीत डायरेक्टर फक्त मेलोंना थांबवतो, बाकीच्यांना वाजवायला लावतो, आणि तेच गाणं अचानक जमिनीला चिकटल्यासारखं जड होतं. मेलो परत आले की गाणं चालायला लागतं. दुसरी गंमत उपसुरावटीची. ट्रम्पेट लांब सूर धरून उभे असतात तेव्हा खालून वळणं घेत वर येणारी जी ओळ ऐकू येते, ती बहुतेक वेळा मेलोफोनचीच. कधीकधी खालच्या सुरावरून वरच्या सुरावर एका झटक्यात ओढत न्यायचं असतं, त्याला ‘रिप’ म्हणतात. पंधरा-वीस जणांनी एकाच क्षणी रिप मारली की अंगावर काटा येतो. स्टॅन केंटनने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या जॅझ ऑर्केस्ट्रात याच कुळातलं मेलोफोनियम घेतलं होतं, तेही ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोनच्या मधला हा रंग हवा म्हणूनच.

२. आपल्या विद्यापीठाचा बँड कुठल्या जातीचा आहे ते आधी बघा

सगळे बँड सारखे नसतात. इथे नीट पाहिलं नाही तर पुढचं सगळं चुकतं.

मिडवेस्टच्या जुन्या बँडमध्ये गुडघा वर उचलून चालायची पद्धत दिसते. ओहायो स्टेटच्या बँडमध्ये फक्त ब्रास आणि ड्रम्स, सनई-बासरीच्या कुळातलं काहीच नाही, आणि तिथली निवड अतिशय कडक. दुसरी पद्धत ‘रोल स्टेप’ची, म्हणजे टाच आधी टेकवून पाऊल हळूच पुढे सोडायचं, जेणेकरून कमरेच्या वरचं शरीर हलणार नाही. फ्लोरिडा ए अँड एम, सदर्न, जॅक्सन स्टेट अशा कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक विद्यापीठांची शैली पुन्हा वेगळी, नाचाच्या अंगाने जाणारी आणि दमछाक करणारी. स्टॅनफर्ड, राइस अशा ठिकाणी ‘स्कॅटर बँड’ असतो, तिथे कवायत नसते, सगळे पळत जाऊन आकृती करतात. नवख्यांना तिथे जास्त मोकळीक मिळते.

टेक्सस ए अँड एमला जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट ठळक सांगते, कारण आपली बरीच मुलं तिथे जातात. तिथला ॲगी बँड हा कोअर ऑफ कॅडेट्सचा भाग आहे. त्यात जायचं म्हणजे कॅडेटचं पूर्ण आयुष्य स्वीकारायचं. मास्टर्सच्या विद्यार्थ्याने संध्याकाळी तालमीला जाऊन यावं, असा तो प्रकार नाही.

व्हिडिओ बघताना फक्त हाफटाइमचा, म्हणजे सामन्याच्या मधल्या सुट्टीतला, बघू नका. तालमीचे आणि गॅलरीतले व्हिडिओ शोधा, तुमचा बहुतेक वेळ तिथेच जाणार आहे.

३. डायरेक्टरला मेल करा, फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये

प्रवेशाचं पत्र हातात आलं की लगेच. ऑडिशनच्या तारखा बहुतेक ठिकाणी वसंत ऋतूत किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला असतात आणि भारतातून व्हिडिओ पाठवला तर चालतो. मेल छोटा असू द्या: तुम्ही कोण, कुठल्या विभागात येताय, कुठलं वाद्य किती काळ वाजवताय, नोटेशन वाचता येतं का. पुढचे तीन प्रश्न मात्र नक्की विचारा.

एक, मास्टर्स किंवा पीएचडीचे विद्यार्थी चालतात का. बऱ्याच ठिकाणी चालतात, पण सगळीकडे नाही. दोन, वाद्य बँडकडून मिळतं का. मेलोफोन बहुधा मिळतोच, कारण तो घरी बाळगणारे फार थोडे. तीन, बँड कॅम्प, म्हणजे सीझनआधीचं तालमीचं शिबिर, कधी सुरू होतो आणि त्या दिवसांत राहायची सोय काय.

ज्यांनी आजवर एकही वाद्य वाजवलेलं नाही त्यांना मोठ्या बँडमध्ये थेट मेलोफोन मिळणं कठीण आहे, उगाच आशा लावत नाही. छोट्या कॉलेजांत आणि स्कॅटर बँडमध्ये जमू शकतं. पथकात ढोल-ताशा वाजवलेल्यांनी झांजांची चौकशी करावी. वजन अंगावर घेऊन, रांग न मोडता, तासन्‌तास वाजवत चालायची सवय त्यांना आधीच असते, आणि ती तिकडच्या नवीन मुलांनाही नसते.

४. ऑडिशनची तयारी

सहसा मागतात ते असं: चार-पाच मेजर स्केल, क्रोमॅटिक स्केल, त्यांनी दिलेला एक तुकडा, आणि प्रत्यक्ष ऑडिशन असेल तर न पाहिलेलं नोटेशन वाचून वाजवणं. आपली मुलं मार खातात ती या शेवटच्या गोष्टीत. कानाने उचलायची सवय आपल्याला दांडगी, वाचायची कमी. मुंबई, पुणे, गोव्यात ट्रिनिटी आणि एबीआरएसएमच्या परीक्षांची तयारी करून घेणारे शिक्षक आहेत. त्यांच्याकडे दोन-तीन महिने फक्त वाचनासाठी जा.

मेलोफोन भारतात मिळवायच्या मागे लागू नका. तयारी ट्रम्पेटवर करा, तसं मेलमध्ये सांगा. फक्त फुंक बदला. ट्रम्पेटची फुंक अरुंद आणि वेगवान असते. तीच मेलोफोनमध्ये गेली की आवाज पत्र्यासारखा आणि चढा येतो. ओठ थोडे सैल, तोंडात जागा मोठी, हवा गरम, असे लांब सूर रोज धरा.

आणखी एक तयारी घरीच होते, आणि ती कोणी सांगत नाही. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर दर पाच यार्डांवर रेघ असते आणि दोन रेघांमध्ये आठ पावलं टाकायची, हे बहुतेक बँडचं मूळ माप. म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंच, साधारण ५७ सेंटिमीटर. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ४.५७ मीटरवर खडूने दोन रेघा मारा, मोबाइलवर १२० चा मेट्रोनोम लावा आणि खाली न बघता आठव्या पावलाला रेघ गाठायचा सराव करा. जमलं की हातात वाद्य घेऊन करा. तेही जमलं की एक स्केल वाजवत करा. पहिल्याच दिवशी कळेल की श्वास आणि पाऊल एकमेकांचे पाय ओढतात. ते तिथे मैदानावर कळण्यापेक्षा पार्किंगमध्ये कळलेलं बरं.

५. कागदपत्रं, क्रेडिट आणि तारखा

या टप्प्यावर सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून सावकाश वाचा.

मार्चिंग बँड हा बहुतेक विद्यापीठांत एक-दोन क्रेडिटचा कोर्स असतो. पदवीच्या विद्यार्थ्यांना ते क्रेडिट ऐच्छिक विषयात धरता येऊ शकतं. मास्टर्सवाल्यांनी मात्र नोंदणीआधी दोन ठिकाणी विचारावं. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारा की एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) साठी लागणाऱ्या पूर्णवेळ क्रेडिटमध्ये बँडचं क्रेडिट धरतात का. धरतीलच असं गृहीत धरून मुख्य विषय कमी घेऊ नका. आणि विभागात विचारा की असिस्टंटशिप असेल तर फीमाफीत हे जादा क्रेडिट बसतं का. बसत नसेल तर बिल तुमच्या नावावर येतं. काही ठिकाणी शून्य क्रेडिटची सोय असते, ती मागून घ्या.

काही बँड सीझनच्या शेवटी थोडे पैसे किंवा शिष्यवृत्ती देतात. सही करण्याआधी तो कागद आंतरराष्ट्रीय कार्यालयाला दाखवा, कारण ते पैसे कामाचे की शिष्यवृत्तीचे यावरून व्हिसाचे आणि कराचे नियम बदलतात.

आता तारखा. बँड कॅम्प वर्ग सुरू व्हायच्या एक-दोन आठवडे आधी असतो. नवीन एफ-१ विद्यार्थ्याला आय-२० वरच्या (विद्यापीठ व्हिसासाठी देतं तो फॉर्म) प्रोग्राम सुरू होण्याच्या तारखेआधी जास्तीत जास्त तीस दिवस अमेरिकेत प्रवेश करता येतो. बहुतेक वेळा हे गणित बसतं, पण तिकीट काढायच्या आधी दोन्ही तारखा कागदावर शेजारी लिहून बघा. घराचं भाडं साधारण वर्ग सुरू होण्याच्या सुमारास लागू होतं, त्याआधीचे दिवस कुठे राहणार? हॉस्टेलवाल्यांना बँड लवकर आत घेते, बाहेर घर घेणाऱ्यांना ही सोय क्वचित. सेक्शन लीडरला (तुमच्या वाद्याच्या रांगेच्या प्रमुखाला) मेल करा, कोणीतरी सोफा देतं. विद्यापीठाचं ओरिएंटेशन कॅम्पच्याच दिवसांत आलं तर ओरिएंटेशन आणि कागदपत्रांची नोंदणी आधी. डायरेक्टरला तसं लेखी कळवा, ते समजून घेतात.

सोबत ठेवायचे कागद: पासपोर्ट, आय-२०, विद्यापीठाच्या आरोग्य विम्याचं कार्ड, लसीकरणाची नोंद, बँडचा वैद्यकीय फॉर्म, वाद्य घेतल्याचा करार. वैद्यकीय फॉर्मवर दमा, ॲलर्जी, चालू औषधं मराठी संकोच बाजूला ठेवून खरी लिहा, ऑगस्टच्या उन्हात त्याचा उपयोग होतो. तातडीच्या संपर्कासाठी अमेरिकेतला नंबर मागतात. मामा-मावशी नसतील तर रूममेटचा नंबर त्याला विचारून द्या.

६. सामान

व्हॉल्व्ह ऑइल आणि स्लाइड ग्रीस तिथेच घ्या. बँडचे बूट आणि हातमोजे बँडमार्फतच घ्यावे लागतात, रंग आणि बनावट ठरलेली असते. युनिफॉर्म ते देतात. तालमीसाठी चांगले धावायचे बूट, टोपी, सनस्क्रीन आणि एक मोठी पाण्याची बाटली हवी. बहुतेक जण गॅलनची, म्हणजे पावणेचार लिटरची बाटली आणतात आणि ती दुपारपर्यंत संपते.

माउथपीसवर मात्र दोन ओळी जास्त लिहिते. मेलोफोनमध्ये ट्रम्पेटचं माउथपीस बसतं, पण बसतं म्हणून वापरू नका, आवाज पातळ होतो. फ्रेंच हॉर्नचं माउथपीस ॲडॅप्टर लावून बसवणारेही भेटतील. त्याने सूर गोड वाटतो पण मैदानाच्या पलीकडे पोचत नाही, आणि बऱ्याच बँडमध्ये त्याला मनाई असते. मेलोफोनचं स्वतःचं माउथपीस घ्या, डायरेक्टर जो नंबर सांगेल तोच. रांगेतल्या सगळ्यांचं माउथपीस एक असलं की सूर जुळायला निम्मी मदत होते. आणि मेलोफोनला सूर जुळवणं हे मोठं काम आहे. खालचा डी चढतो, चौथ्या रेघेवरचा डी आणि त्याच्या वरचा ई उतरतात. ट्यूनरकडे बघून स्वतःच्या वाद्याच्या खोडी वहीत लिहून ठेवा.

७. बँड कॅम्प

सकाळपासून रात्रीपर्यंत, मध्ये जेवणाच्या सुट्ट्या. पहिले दोन दिवस बहुधा फक्त उभं राहणं, चालणं, वळणं. मेलोफोनचा भोंगा जड आणि पुढे असल्याने दंड आणि मनगटं भरून येतात. वजन डाव्या हातावर घ्या. उजव्या हाताने फक्त बोटं चालवायची, करंगळीच्या कडीत करंगळी अडकवून वाद्य ओढून धरायचं नाही. भोंगा आडव्याच्या किंचित वर. थकल्यावर तो सगळ्यात आधी खाली येतो, आणि सेक्शन लीडरला दुरून तेच दिसतं.

नंतर ‘डॉट’ मिळतात, आता बहुतेक फोनच्या ॲपवर. डॉट म्हणजे त्या ठोक्याला मैदानावर तुम्ही नेमकं कुठे असायचं ती जागा: ‘डावीकडच्या ४५ च्या बाहेर दोन पावलं, पुढच्या हॅशच्या मागे सहा पावलं.’ (४५ म्हणजे ४५ यार्डांची रेघ, हॅश म्हणजे मैदानाच्या लांबीभर गेलेल्या छोट्या खुणांची ओळ.) डावी-उजवी बाजू कुणाच्या नजरेने मोजतात ते आधी विचारून घ्या, आणि गुणाकार-भागाकार तिथे उभं राहून करू नका. आदल्या रात्री दोन सलग डॉटमधलं अंतर आणि ठोके मोजून पाऊल मोठं की छोटं हे लिहून ठेवा. मीटरमध्ये विचार करणं महिनाभर सोडून द्या.

पाठांतर हा दुसरा अडथळा. हाफटाइमचा कार्यक्रम बऱ्याच बँडमध्ये पाठ लागतो. उपसुरावट पाठ करणं मूळ चालीपेक्षा अवघड असतं, कारण ती एकटी गुणगुणली तर अर्थ लागत नाही. पूर्ण बँडचं रेकॉर्डिंग लावून त्यावर आपली ओळ म्हणा, वाद्याशिवाय. आपल्याकडे ताना घोटतात तसंच हे काम आहे.

८. सेमिस्टर चालू झाल्यावर

आठवड्याला साधारण सहा ते दहा तास तालीम, शिवाय सामन्याचा अख्खा शनिवार. दुपारी बाराचा सामना असेल तर पहाटेच मैदानावर जावं लागतं. हाफटाइम वीस मिनिटांचा असतो, त्यात दोन्ही बँडना वाटणी. उरलेला वेळ गॅलरीत उभं राहून छोट्या सुरावटी वाजवायच्या, खेळाडूंसाठी ओरडायचं. फुटबॉलचे नियम आधी शिकून घ्या, चुकीच्या क्षणी वाजवलं तर आपल्याच संघाला त्रास होतो.

शाकाहारी असाल तर फॉर्मवर लिहा, आणि तरीही डब्यात धपाटे किंवा दशम्या असू द्या. शाकाहारी सँडविच आधी संपतात, कारण मांसाहारीही तेच उचलतात. नोव्हेंबरच्या थंडीत माउथपीस वाजवत नसताना मुठीत किंवा खिशात ठेवा, व्हॉल्व्ह अधूनमधून नुसतेच हलवत राहा, नाहीतर ऐन वेळी अडकतात. लांब केस टोपीत बांधून घ्यावे लागतात, कानातलं-बांगड्या काढाव्या लागतात.

गणपती आणि दिवाळीचे कार्यक्रम शनिवारी ठेवायची तिकडच्या मराठी मंडळांची पद्धत आहे, आणि तेच सामन्याचे दिवस. सीझनचं वेळापत्रक आधीच जाहीर असतं, त्यावरून घरच्यांना आणि मित्रांना लवकर सांगून टाका. मिडटर्मचंही तसंच. प्राध्यापकाला बँडच्या दौऱ्याची तारीख पहिल्याच आठवड्यात लेखी द्या.

९. डिसेंबरचं तिकीट थांबवून काढा

नियमित सीझन नोव्हेंबरअखेर संपतो. संघ चांगला खेळला तर बोल सामना (सीझननंतरचा खास सामना) मिळतो, डिसेंबरच्या उत्तरार्धात किंवा जानेवारीच्या सुरुवातीला, आणि बँड सोबत जातो. प्रवास आणि राहण्याचा खर्च बहुधा विद्यापीठ करतं. पण कुठल्या बोलला जाणार हे डिसेंबरच्या सुरुवातीला ठरतं, आणि भारताची तिकिटं तोवर महागलेली असतात. बोल सक्तीचा आहे की ऐच्छिक, हे सप्टेंबरमध्येच विचारा. घरी जायचंच असेल तर तारीख बदलता येणारं तिकीट काढा. विमानाने जाताना ओळखपत्र म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा. कधी बँड परदेशी जाणार असेल तर आय-२० वर प्रवासाची सही आधी घेऊन ठेवा आणि व्हिसाची मुदत तपासा.

१०. वाद्य परत करताना

स्लाइड सगळ्या काढून कोमट पाण्याने धुवा. गरम पाणी नको, वरचा मुलामा खराब होतो. कोरडं झालं की ग्रीस आणि तेल घालून द्या. घेताना काढलेले फोटो इथे कामी येतात, तेव्हा वाद्य हातात येतं त्याच दिवशी प्रत्येक पोचा फोनमध्ये टिपून ठेवा. परत केल्याची सही घ्या. ती नोंद राहून गेली तर विद्यापीठाच्या खात्यावर होल्ड लागतो आणि पुढच्या सेमिस्टरची नोंदणी अडते.

मेलोफोन लगेच सोडवत नसेल तर नोव्हेंबरमध्येच पेप बँडची यादी विचारा. बास्केटबॉलच्या सामन्यांना वाजवणारा हा छोटा बँड, चालायचं नसतं, छताखाली उबेत बसून वाजवायचं. जागा थोड्या असतात आणि फुटबॉल संपायच्या आत नावं भरली जातात.